निराधार योजनेचा अर्ज : घरची माहिती आधी जुळवा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्यातून)

आज संजय गांधी निराधार योजनेबद्दल बोलूया. पैसे किती मिळतात ते तुम्हाला पाठ आहे. पण अर्ज अडतो तो माहितीपाशी.

तिथे विचारतात, घरात कोण कोण, कमावतं कोण, जमीन कुणाच्या नावावर, मुलं केवढी, नवरा कधी वारला. चारचौघांत हे सांगायला जीव नको होतो. पण ही चौकशी उगाच नसते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं, ही अट आहे. म्हणजे महिन्याला 1750. (एवढ्यात घर कसं चालतं ते अट घालणाऱ्यांनीच सांगावं!) तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला निघतो. तेव्हा तलाठ्याला माहिती आपण स्वतः द्यायची, एजंटाच्या तोंडून नाही. एजंट वाट्टेल तो आकडा लिहितो आणि खोट्यावर सही मात्र आपली असते.

सगळ्यात जास्त घोळ रेशनकार्डाचा. नवरा गेल्यावर बाई वेगळी चूल मांडते, पण नाव दिराच्याच कार्डावर राहतं. मग चौकशीत दिराचा पगार आपल्या घरात मोजला जाण्याची भीती. खरंच वेगळं राहत असाल तर कार्ड आधी वेगळं करून घ्या. नुसतं दाखवण्यापुरतं करू नका.

दुसरं नाव. आधारवर सासरचं, पासबुकावर माहेरचं, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काही. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा, वाचता येत नसेल तर गटातल्या सचिवताईकडून वाचून घ्या. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांत करायची असते. दुःखात कुणाला सुचत नाही, म्हणून हे काम शेजारच्या बाईनं, गटानं करावं असं मला वाटतं. पैसे खात्यातच येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बँकेत विचारा.

आणि हो, मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवरून मागणाऱ्याला सांगायचा नाही. तो कितीही गोड बोलू दे, "तहसीलमधून बोलतोय" म्हणू दे.

पैसे सुरू झाले की दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर अनुदान थांबतं. वय 65 झालं की श्रावणबाळ योजनेकडे जायचं, त्यासाठी वयाचा पुरावा आत्ताच शोधून ठेवा.

पुढच्या सभेला येताना रेशनकार्ड, आधार आणि पासबुक घेऊन या. आपण एकेकीचे बसून बघू.