प्रवचनानं सुटलेली बेडी

मी म्हैसूरहून बोलतोय. याच जिल्ह्यात दोर्नहळ्ळीला संत अँथनींचं मोठं चर्च आहे. शेत नांगरताना एका शेतकऱ्याला त्यांची लाकडी मूर्ती सापडली, अशी तिथली आख्यायिका. हरवलेलं सापडावं म्हणून लोक अँथनींना साकडं घालतात.

मला मात्र आठवतं इटलीतलं पादुआ. तिथं कर्ज थकलं की माणसाला तुरुंगात टाकत. अँथनी प्रवचन देऊन थांबले नाहीत. त्यांच्या विनंतीवरून मार्च १२३१ मध्ये शहरानं कायदा केला: सगळी मालमत्ता सोडून देणाऱ्या कर्जदाराला कैद नाही. पुढं तीन महिन्यांतच, १३ जूनला ते गेले.

आपणही रोज बोलतो, मंडळी. त्या बोलण्यानं एखाद्याची तरी बेडी सुटते का?