रक्ताळलेला ‘झुंझारराव’
(नभोवाणीवरील भाषण)

रूपांतरित नाटकांविषयीं आम्हां शिक्षकांची एक ठरलेली तक्रार असते. मूळ कृति थोर. रूपांतर करणारानें ती बिघडविली! त्यांतून त्या रूपांतरांत भुतेंखेतें आणि रक्तपात असेल, तर आम्हांला नाटक नीट पाहण्याचीहि जरूर वाटत नाहीं. निकाल आधींच तयार असतो. असा एक निकाल मींहि एकदां दिला होता. तो चुकला होता, ही कबुली देण्यासाठीं आज मी आपणांपुढें बोलत आहें.

गोष्ट सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची. मी तेव्हां चिंचवडास मराठी शिकवीत होतों. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी निघाली आणि पुढें भोसरीपर्यंत कारखान्यांची रांग लागली. जेथें ज्वारी डोलत होती तेथें वसाहती उठल्या, आणि गांवोगांवाहून आलेल्या कामगारांनीं आपल्याबरोबर आपलीं भजनें व आपलें नाटकवेडहि आणलें. अशाच एका हौशी मंडळीनें गणेशोत्सवाच्या मांडवांत ‘झुंझारराव’ लावला. दिग्दर्शक माझाच जुना विद्यार्थी; प्रेसवर काम करणारा. समारोपाचे दोन शब्द बोलण्यासाठीं त्यानें मला आग्रहानें बोलाविलें होतें.

‘झुंझारराव’ म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं केलेलें शेक्सपीअरच्या ‘ऑथेल्लो’चें रूपांतर. त्यापूर्वीं १८६७ मध्यें महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं त्याच नाटकाचें भाषांतर प्रसिद्ध केलें होतें. परंतु ऑथेल्लोचा झुंझारराव आणि डेस्डिमोनाची कमळजा झाली ती देवलांच्या लेखणीनें, आणि गणपतराव जोशांसारख्या नटानें ती भूमिका गाजविली. कथा आपणांस ठाऊक आहे. शूर सरदार आणि त्याच्यावर जीव टाकणारी पत्नी. मध्यें एक कपटी मनुष्य. एका रुमालाचा खोटा पुरावा. आणि शेवटीं पतीच्याच हातून निरपराध पत्नीचा वध.

आमच्या कामगार मंडळींनीं या कथेची भयकथा करून टाकली होती! कमळजेचें भूत शेवटच्या अंकांत चार वेळां आलें. पहिल्या वेळीं मुलें रडलीं, चौथ्या वेळीं तींच मुलें हसलीं. लाल रंगाची पिशवी भलत्याच प्रसंगीं फुटली आणि झुंझाररावाचा अंगरखा प्रेमाच्या प्रवेशांतच रंगून निघाला. मृत्यूच्या आदल्या रात्रीं नायिका दासीपाशीं मन मोकळें करते, तो मूळ नाटकांतील हृदय पिळवटणारा प्रवेश त्यांनीं वेळ वाचविण्यासाठीं गाळला; वांचलेला वेळ तलवारींना दिला. वध तर असा झाला, कीं पांढरा पलंगपोस दिसेनासा झाला.

मी उठलों आणि बोललों. शेक्सपीअरचा नायक त्या ऐन प्रसंगीं पत्नीचें रक्त सांडावयाचें नाहीं असें ठरवितो आणि तिचा श्वास कोंडून तिला मारतो, हें सांगितलें. वध रंगभूमीवर दाखवूं नये हा आपल्या नाट्यशास्त्राचा संकेतहि सांगितला. “रक्त म्हणजे करुणरस नव्हे,” असें एक वाक्य टाकलें, आणि त्याला टाळ्याहि मिळाल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो विद्यार्थी मला पोंचवावयास रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, “गुरुजी, आपण म्हणालांत तें पुस्तकाप्रमाणें बरोबर आहे. पण आमच्यांतल्या एखाद्याचा हात यंत्रांत गेला, कीं फरशी पुसतात आणि तेथें दुसरा माणूस उभा करतात. रक्त पाहून कोणी थांबत नाहीं. नाटकांत तरी लोकांनीं थांबावें, एवढेंच माझ्या मनांत होतें.” नमस्कारासाठीं त्यानें हात जोडले, तेव्हां दिव्याच्या उजेडांत मला दिसलें, कीं उजव्या हाताचीं दोन बोटें नव्हतीं. शाळेंत तीं होतीं. सुंदर अक्षराचा मुलगा तो.

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मीं तें नाटक पुन्हां पाहिलें. आणि माझ्या लक्षांत आलें, कीं त्यांत एक गोष्ट मीं पाहूनहि पाहिली नव्हती. मूळ नाटकांत नायकाचें डोकें दुखतें, पत्नी त्यावर रुमाल बांधूं जाते, तो झिडकारतो आणि रुमाल खालीं पडतो. त्या मुलानें डोक्याच्या ठिकाणीं हात घातला होता. झुंझाररावाच्या हातास जखम होते, कमळजा ती आपल्या रुमालानें बांधते. पुढें तोच रक्ताळलेला रुमाल तिच्या विरुद्ध पुरावा ठरतो. म्हणजे नाटकांत पहिलें रक्त येतें तें मायेच्या स्पर्शाबरोबर. शेक्सपीअरनें त्या रुमालावर स्ट्रॉबेरीच्या फळांची तांबडी नक्षी काढविली आहे. या मुलानें त्या जागीं रक्ताचे डाग ठेवले. १६९३ सालीं टॉमस रायमर नांवाच्या इंग्रज टीकाकारानें, एका रुमालावरून एवढा गहजब कशाला, म्हणून या नाटकाची टर उडविली होती. त्या मांडवांत ही शंका कोणासहि आली नाहीं. बोटाला चिंधी गुंडाळून कामावर जाणाऱ्या माणसाला ती चिंधी कोणी बांधली याचें मोल शिकवावें लागत नाहीं.

पुढें वाचनांत आणखी कांहीं गोष्टी आल्या. शेक्सपीअरनें ही कथा चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या संग्रहांतून घेतली. त्या मूळ कथेंत नायिकेला वाळू भरलेल्या मोज्यानें ठेचून मारतात आणि खून लपविण्यासाठीं वरचें छत पाडतात. म्हणजे ज्याला मी मूळ म्हणत होतों तेंहि रूपांतरच, आणि त्याच्या मागची कथा आमच्या मांडवांतल्या प्रयोगाहून क्रूर! आपल्याकडील संकेतहि अभंग नव्हता. १९१२ सालीं त्रिवेंद्रमहून भासाचीं नाटकें प्रसिद्ध होऊं लागलीं, त्यांतील ‘ऊरुभंगां’त मांड्या मोडलेला दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. १६१० सालीं ऑक्सफर्डास ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला, त्याविषयीं हेन्री जॅक्सन या विद्वानानें एका पत्रांत लिहून ठेवलें आहे, कीं डेस्डिमोना मरून शय्येवर पडली असतां तिचा नुसता चेहराच प्रेक्षकांची करुणा भाकीत होता. हें वाचलें आणि मला आठवलें: पिशवी फुटली तेव्हां हसलेला तोच मांडव, कमळजा निश्चळ पडली तेव्हां चिडीचूप झाला होता. पाठीमागच्या बायकांपैकीं कोणी तरी पदर डोळ्यांस लावला होता. मी मात्र त्या वेळीं भाषणाचे मुद्दे जुळवीत होतों.

याचा अर्थ असा नव्हे, कीं प्रत्येक रक्तपाताला कला म्हणावें. ज्याचें रक्त सांडलें तो मनुष्य आपल्या ओळखीचा झालेला नसेल, तर तें रक्त नव्हे. तो नुसता रंग. चार वेळां येणारें तें भूत मला आजहि पटत नाहीं, आणि गाळलेल्या प्रवेशाची हळहळ तर कायमचीच. परंतु दोष मोजून झाल्यावर, या माणसाला जीव तोडून काय सांगावयाचें आहे, हेंहि विचारावें. नाहीं तर आपण दोषांची यादी घेऊन घरीं येतों आणि नाटक मांडवांतच राहतें.

जानेवारी २०२४ मध्यें शंभरावें मराठी नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडास भरलें. मोठमोठीं नांवें कानांवर येत होतीं. मला मात्र तो ओलसर मांडव आठवत होता. त्या विद्यार्थ्याला, “तुझा रुमाल मला कळला,” एवढें मीं दुसऱ्या दिवशीं सांगावयास हवें होतें. सांगितलें नाहीं, पुढें तो गांवीं निघून गेला. तो कोठें तरी ऐकत असेल, तर तें आज सांगतों.