टोकियोत तिला सोबत कुणाची?

आज आपण बोलणार आहोत जपानच्या टोकियो शहराबद्दल. तुम्ही म्हणाल, सोलापूर जिल्ह्यातल्या बायकांना टोकियोचं काय? पण आता आपल्या गावांतल्या मुली शिकून पुण्याच्या कंपन्यांत लागतात, तिथून परदेशी जातात. कुणी नोकरीला जाते, कुणी लग्न होऊन नवऱ्याबरोबर. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेकही अशीच गेली. ताईंना तिच्या पगाराची, घराची काळजी नाही. त्या विचारतात, "जावई दिवसभर कामावर. माझी पोर बोलत असेल कुणाशी?" हा प्रश्न आम्हांला मोठा वाटला, म्हणून आम्ही माहिती गोळा केली. तीच आज सांगतो.

जपानमध्ये आज ५० हजारांहून जास्त भारतीय राहतात. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा विभाग आहे. त्यातल्या निशी-कासाई या वस्तीला लोक 'छोटा भारत' म्हणतात. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतातून बरीच तरुण मंडळी तिथं गेली. त्यांना भाड्यानं घर मिळेना, शाकाहारी जेवण मिळेना. तिथं आधीपासून राहणारे चहाचे भारतीय व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांना घरं शोधून दिली, जेवणाची सोय केली. हळूहळू किराणा आला, भारतीय शाळा आल्या, दिवाळीचा मेळावा सुरू झाला. सुरुवात मात्र एका माणसानं दार उघडलं म्हणून झाली, हे ध्यानात ठेवा.

याच एदोगावात २०१९ साली आपले मराठी योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. त्यांना ६,४७७ मतं पडली. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या आईंनी तिथं घरगुती भारतीय जेवणाचं हॉटेल चालवलं. स्वयंपाक येणाऱ्या बाईला परमुलखातही पाय रोवता येतात, हे आपल्या गटांनी यातून घ्यावं.

पण नवीन गेलेल्या सुनेचे पहिले महिने सोपे नसतात. पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही. दुकानात पुडीवर काय लिहिलंय ते कळत नाही. लोकलमध्ये सगळे गप्प बसतात, फोनवर बोलणं वाईट दिसतं. कचरासुद्धा वार पाहून टाकायचा: जळणारा एका दिवशी, बाटल्या-डबे दुसऱ्या दिवशी. चुकलं की पिशवी तिथंच पडून राहते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. इथं शाळेत शिकवणारी, कंपनीत काम करणारी मुलगी तिथं चार भिंतींत बसते. त्यात वेळेचा फरक. जपान आपल्या साडेतीन तास पुढं आहे. तिथं रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथं साडेसहा. आई दिवा लावून चूल पेटवत असते, आणि लेकीची निजायची वेळ झालेली असते.

मग सोबत मिळते कशी? पहिली सोबत आपल्या माणसांची. टोकियो मराठी मंडळ गणपती, संक्रांत, पाडवा साजरा करतं. सणाला सुट्टी नसते, म्हणून जवळचा शनिवार-रविवार धरायचा, सभागृह भाड्यानं घ्यायचं. ताईंची लेक सांगते, पहिल्या हळदी-कुंकवाला तिनं घरून आणलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली, आणि त्या एका डब्यानं तिला चार मैत्रिणी मिळाल्या.

दुसरी सोबत शेजाऱ्यांची. तिथं गल्लीची मंडळं असतात, त्यांना 'चोनाइकाई' म्हणतात. सूचनांची एक पाटी घरोघर फिरते. आपण वाचायची, सही करायची, शेजारच्या दारी न्यायची. त्या निमित्तानं दार वाजतं, तोंडओळख होते. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक अगदी कमी पैशांत जपानी भाषा शिकवतात. बाळंतपण असेल तर सरकारी कार्यालयातून आई आणि बाळाची एकच वही मिळते. तपासण्या, वजन, लसी सगळं तिच्यात. आपल्या अंगणवाडीतल्या कार्डासारखीच, आणि इतर भाषांतही मिळते.

आणि तिसरी सोबत फिरण्याची. मार्चच्या शेवटी साकुराची, म्हणजे चेरीची झाडं फुलतात. लोक उएनोच्या बागेत झाडाखाली ताडपत्री अंथरतात, डबे उघडतात, गप्पा मारतात. आपली हुरडा पार्टीच म्हणा, फक्त शेतात आगटी नाही आणि वर फुलांचं छप्पर. त्याच बागेत कमळाच्या तळ्यात बेन्झाइतेन देवीचं देऊळ आहे. ही म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेली. आसाकुसा भागात तर गणपतीचं जपानी रूप आहे. तिथं मोदक नाही, मुळा वाहतात! मूर्ती मात्र झाकून ठेवतात, दर्शन होत नाही. उएनोच्या प्राणिबागेत १९४९ साली पंडित नेहरूंनी जपानी मुलांच्या मागणीवरून 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली होती. युद्धानंतरच्या त्या हालाच्या दिवसांत मुलांना तिचा केवढा आनंद झाला! परक्या गावात अशी आपली खूण सापडली की जीव जरा स्थिरावतो.

जपानचं आपल्यावरही एक देणं आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती आली, आणि १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. आज आपण ते एस.एन.डी.टी. म्हणून ओळखतो.

आणि आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ साली ते चीनला गेले. जपाननंच लादलेल्या युद्धात जखमींची सेवा केली, चिनी भाषा शिकले, तिथंच लग्न केलं, १९४२ साली तिथंच देह ठेवला. भाषा शिकल्यामुळंच ते तिथल्या लोकांचे झाले.

म्हणून मैत्रिणींनो, लेक परदेशी निघाली तर दागिन्यांआधी या गोष्टी बघा. जाण्याआधी सहा महिने तिला भाषेच्या वर्गाला घाला. पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात हवा. जपानमध्ये मिळणारं रहिवासी कार्ड तर कायद्यानंच सतत जवळ ठेवावं लागतं, ते दुसऱ्याच्या कपाटात नको. तिच्या नावानं बँकेत खातं असू द्या. तिथं पोलिसांचा नंबर ११० आणि रुग्णवाहिकेचा ११९, तो पाठ करून घ्या. आणि फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारू नका. "आज कुणाशी बोललीस? कुठं फिरून आलीस?" हेही विचारा. उत्तर सारखं "कुणाशी नाही, कुठं नाही" असं येत असेल, तर ते आजारपणाइतकंच मनावर घ्या.

आता शेवटचं. टोकियो लांब आहे, पण एकटी बाई आपल्या गल्लीतही असते. नवी सून, ऊसतोडीला आलेली मजुरीण, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली बहीण. तिला आपली पाटी वाचता येते, भाषा कळते, तरी तिचं दार कुणी वाजवत नाही. आम्ही आमच्या गटात ठरवलंय की गावात नवीन बाई आली की पहिल्या महिन्यात दोघींनी तिच्या घरी जायचं, तिला बैठकीला आणायचं, आणि हळदी-कुंकवाला विधवा बहिणीलाही मानानं बोलवायचं. तुमच्या गटानंही येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. तुमच्या गल्लीतली अशी एक बाई कोण, तिचं नाव आजच मनात धरा.