गरम पाण्याचं मशीन घ्यावं का? आधी एक दिवस मोजून बघा

आजचा विषय थेट ओट्यावरचा आहे. इलेक्ट्रिक हॉट वॉटर डिस्पेन्सर. कोणी याला थर्मोपॉट म्हणतं, कोणी एअरपॉट. तीन-चार लिटर पाणी भरायचं, मशीन ते एकदा उकळतं आणि मग ठरावीक तापमानाला गरम ठेवतं. बटण दाबलं की कपात पाणी. आमच्या घरी हे येऊन आठ महिने झाले. ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "अरे, साधी केटल असताना हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी विजेचा हिशोब करू.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २५ अंशांवरून ९५ वर न्यायचं म्हणजे ७० अंश, म्हणजे २९४ किलोज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार करा, एका युनिटमध्ये साधारण १२ लिटर पाणी तापतं. केटल असो की डिस्पेन्सर, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फिजिक्स ब्रँड बघत नाही.

फरक पडतो तो पाणी गरम *ठेवण्यात*. समजा मशीनला त्यासाठी सरासरी ४० वॉट लागतात. २४ तासांचे झाले ९६० वॉट-तास, म्हणजे जवळपास १ युनिट. घरात दिवसाला ४ लिटर गरम पाणी लागत असेल, तर ते तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट आणि गरम ठेवायला अख्खं युनिट! १० रुपये युनिट धरलं तर महिन्याला ३०० रुपये नुसते गरम ठेवण्याचे. त्यामुळे "वीज वाचते" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केटलच्या तुलनेत वाचत नाही.

हा खर्च कमी करता येतो. उष्णता किती बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असताना पाणी ९५ ला ठेवलं तर फरक ७० चा, ६० ला ठेवलं तर ३५ चा. गळती जवळपास निम्मी. आणि भिंत थर्मासारखी व्हॅक्यूमची असेल तर आणखी कमी. विकत घेताना रंग आणि डिस्प्ले नंतर बघा, आधी या दोन गोष्टी विचारा.

मग एवढं सगळं माहीत असून घेतलं का? कारण दुसरा हिशोब.

एका रविवारी मी फ्रिजवर कागद चिकटवला. नुसत्या गरम पाण्यासाठी गॅस पेटला की एक रेघ मारायची, आणि पेटवणाऱ्याचं नाव लिहायचं. रात्रीपर्यंत १३ रेघा झाल्या. त्यातल्या १० आईच्या. आजीची पहाटेची गोळी, बाबांचं जेवणानंतरचं कोमट पाणी, पाहुण्यांची कॉफी, रश्शात घालायचं पाणी. बाबा म्हणाले, "घरात गॅस आहे की, मशीन कशाला?" आई म्हणाली, "गॅस आहे, पण तो आपोआप पेटत नाही." विषय तिथेच संपला.

आणि आजीचं वेगळंच. तिचे हात थरथरतात. गॅस पेटवणं, गरम पातेलं उचलणं तिला जमत नाही. भरलेली केटलही जमत नाही, कारण पाणी आणि भांडं मिळून दोन किलोच्या आसपास वजन तिरकं धरावं लागतं. रात्री घसा कोरडा पडला तरी ती आईला उठवायची नाही, तशीच पडून राहायची. हे तिने मशीन आल्यावर सांगितलं. आता ती नळीखाली कप ठेवते, कुलपाचं बटण दाबते, मग पाण्याचं. काही उचलायचं नाही. कपात एक तृतीयांश साधं पाणी आधीच असतं. त्यावर ६० अंशांचं पाणी पडलं की मिश्रण ४८ च्या आसपास येतं. ही सवय महत्त्वाची आहे, कारण ६० अंशांच्या पाण्यानेही काही सेकंदांत चांगलंच भाजतं.

म्हणजे केटल आणि डिस्पेन्सर यांतला खरा फरक हा आहे. केटल वीज वाचवते, डिस्पेन्सर कोणाचं तरी उठणं वाचवतो. तुमच्या घरात ते उठणं कोण करतं, यावर निर्णय घ्या. एकटे राहता, दिवसातून दोन कप कॉफी लागते? सरळ केटल घ्या.

आता कामाच्या चार गोष्टी.

एक, आपला चहा यात होत नाही. दूध, साखर, चहा पावडर काहीही आत टाकायचं नाही, फक्त पाणी. चहा गॅसवरच. पण ज्वारीचं पीठ चिकट नसेल तर भिजवायला उकळतं पाणी लागतं, तिथे हे फार कामाला येतं.

दोन, सॉकेट. आपल्याकडे २३० व्होल्टवर ६ अँपियरचा छोटा पॉइंट १३८० वॉटपर्यंतच. ७०० वॉटचा पॉट त्यावर चालतो, १५०० वॉटच्या केटलला मोठा पॉवर प्लग हवा. आणि जपानहून कोणी प्रेमाने पॉट आणला तर तो १०० व्होल्टचा असतो. थेट लावलात तर पाचपट पॉवर जाईल आणि पॉट जळेल.

तीन, बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तळाला पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्व टाकून पाणी उकळा, तासभर ठेवा, ओतून द्या आणि दोनदा धुवा. घासणीने खरवडू नका.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. घरात लहान मूल असेल तर पॉट ओट्याच्या कडेपासून लांब, भिंतीलगत ठेवा. वायर खाली लोंबकळता कामा नये. मुलाने ओढली तर तीन-चार लिटर पाणी अंगावर येईल. काही पॉटच्या वायरला चुंबकाचा प्लग असतो, ओढली की ती सुटते आणि पॉट जागेवर राहतो. मिळाला तर तोच घ्या. भरलेला पॉट उचलून इकडेतिकडे नेऊ नका.

तर मंडळी, ऑनलाइन सेल बघण्याआधी एक दिवस फ्रिजवर कागद लावा. रेघा मोजा, नावं वाचा. किती रेघा आणि कोणाच्या, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!