नळीच्या तोंडाशी

बी.ए.ला असताना मी एन.सी.सी.त होतो. कवी माणूस आणि रायफल, म्हणून मित्र अजून हसतात. मला गणवेश आवडायचा आणि कॅम्पात जेवण पोटभर मिळायचं, एवढंच त्यामागचं कारण. एका कॅम्पात थ्री-नॉट-थ्री हाती आली. घोडा दाबला, खांद्याला दणका बसला आणि डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. घरी आल्यावर अब्बा म्हणाले, ‘‘कधीचा हाका मारतोय. कानाला दडे बसले की काय?’’ डाव्या कानाचा दडा पुरता सुटलाच नाही. आजही गझलेचा मिसरा मी उजव्या कानानं तोलतो.

डावाच कान का? उजवीकडून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. आणि आमच्या रायफलीच्या तोंडावर काहीच बसवलेलं नव्हतं. हल्ली चित्रांत खाचाखाचांची टोपणं दिसतात. त्यांची खरंच गरज असते का, हा प्रश्न माझ्या कानानंच मला घातला.

गोळीच्या मागून तापलेला वायू बाहेर पडतो, हवेला भेटतो आणि भडका उडतो. नळी लांब असली की दारू बरीचशी आतच जळते. थ्री-नॉट-थ्रीची नळी सुमारे २५ इंचांची, त्यामुळे तिचं टोपणावाचून अडलं नाही. १९४४ साली इंग्रजांनी जंगलातल्या लढाईसाठी तीच रायफल आखूड केली, नळी १९ इंचांच्या आत आणली. मग भडका वाढला आणि तोंडाशी नरसाळं बसवावं लागलं. शत्रूपासून लपायला म्हणण्यापेक्षा, अंधारात चालवणाऱ्याचेच डोळे दिपू नयेत म्हणून.

दुसरा प्रकार दणका कमी करणारा. तो वायू बाजूला, थोडा मागे फेकतो. चालवणाऱ्याचा खांदा सुखावतो. पण आवाज शेजारी झोपलेल्याच्या कानावर जातो! स्वतःचं दुखणं शेजाऱ्याच्या दारात लोटणारी ही युक्ती मला काही पटत नाही. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती चालतही नाही. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं ते तिच्याविनाच. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला दणका असतो तरी केवढा!

तिसरा सायलेन्सर. त्याचं पेटंट १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकनानं घेतलं. त्याच्या वडिलांनी मशिनगन शोधली आणि तिच्याच आवाजानं ते बहिरे झाले. मुलानं पुढे हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली, म्हणजे आम्हा आकाशवाणीवाल्यांचा तो लांबचा नातलगच. सायलेन्सरनं आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. ध्वनीपेक्षा वेगानं जाणारी गोळी हवेत आपला फटका वाजवतेच.

नळीच्या तोंडाला खरी गरज असते ती निगेची. तिथली कड झिजली की गोळी भरकटते. आमचे हवालदार (फौजेत त्यांनाही ‘उस्ताद’च म्हणतात) चिंधीची दोरी नळीतून ओढताना ओरडायचे, ‘‘सीधी खींचो, मुँह को घिसने मत दो!’’ नळीच्या तोंडाची इतकी काळजी घेणाऱ्या त्या भल्या माणसाला आमच्या कानांसाठी कापूस काही आठवला नाही.

गेल्या वर्षी पुतणी एन.सी.सी.त गेली. कॅम्पाला निघायच्या आदल्या दिवशी मी मेडिकलमधून कानात घालायचे बोळे आणले, दोन जोड. एक तिच्यासाठी, दुसरा तिच्या शेजारी झोपणाऱ्या मुलीसाठी.