अनुदानाचा अर्ज आणि संस्थेचे दफ्तर

(स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



निराधार आणि अल्प उत्पन्न असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या गावोगावच्या संस्थांनी अनुदानासाठी अर्ज कसा करावा, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची सूचना आहे. मी अनुदान मंजूर करणारा अधिकारी नव्हे. शासनाच्या योजना लोकांना सांगणे आणि लोकांची कामे शासनाच्या कानांवर घालणे, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हा नियमपुस्तकातले मी थोडे सांगेन आणि प्रत्यक्ष पाहिलेले अधिक सांगेन.

प्रारंभी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील संस्थेवर लेख लिहिण्याचा योग आला होता. मुले कामधंद्यासाठी शहरात गेलेली, मागे राहिलेले म्हातारे आईबाप चुलीपुढे एकटे, अशा एकोणीस जणांना ही संस्था दोन वेळचे जेवण देत असे. मी भारावून गेलो. लेख लिहिला, सोबत पंगतीचे छायाचित्र छापले. पुढे त्या मंडळींनी अनुदानासाठी अर्ज केला आणि तो परत आला. संस्थेच्या सार्वजनिक विश्वस्त नोंदीत अध्यक्ष म्हणून ज्या गृहस्थांचे नाव होते, ते चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते. दोन विश्वस्त गाव सोडून गेले होते. नव्यांची निवड सभेत रीतसर झाली होती, परंतु त्याचा फेरफार अहवाल कोणी दाखल केलाच नव्हता. अर्जावर सही करणारा अध्यक्ष कायद्याच्या दृष्टीने अध्यक्षच नव्हता! विलंब माफ करून घेण्यात आणि नोंदी दुरुस्त होण्यात वर्ष गेले. त्या वर्षात संध्याकाळचे जेवण बंद झाले. मी त्या स्वयंपाकघरात दोन तास बसलो होतो, भाकरीही खाल्ली होती. पण ‘संस्थेचे दफ्तर पाहू या’ असे म्हणण्याचे मला सुचले नव्हते.

म्हणून आज मी अर्जाच्या नमुन्यापासून आरंभ करीत नाही, दफ्तरापासून करतो.

आपल्या राज्यातील बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. हा दुसरा कायदा पूर्वी ‘मुंबई’ या नावाने ओळखला जाई, आता तो ‘महाराष्ट्र’ या नावाने आहे. विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत तो धर्मादाय कार्यालयास कळवावा, असे या कायद्याचे कलम २२ सांगते. नव्वद दिवस म्हणजे जेमतेम एक हंगाम. ज्या सभेत नवी निवड होते, त्याच सभेत अहवाल कोणी व केव्हा दाखल करावयाचा याचाही ठराव करावा, अशी माझी सूचना आहे. तसेच दरवर्षी हिशेब मिटवून लेखापरीक्षण करून घेणे आणि तो अहवाल दाखल करणे. अनुदान मागायचे ठरले की तीन वर्षांचे लेखापरीक्षण एका महिन्यात उरकण्यासाठी लेखापालांच्या दारी धावणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. असे हिशेब तपासणाऱ्यास वाचताक्षणीच कळतात, कारण तिन्ही वर्षांची किर्द एकाच शाईत आणि एकाच हातात लिहिलेली असते.

१९१९ साली काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वाढीत घरोघरच्या मूठभर धान्याचा वाटा होता, हे शिक्षक मंडळींना सांगावयास नको. मूठभर धान्य देणाऱ्याला आपली मूठ कोठे गेली हे समोर दिसत होते. शासनाला ते दिसत नाही. त्याला कागदच पाहावा लागतो. हा अविश्वास नव्हे. पैसा ज्यांचा आहे ते करदाते त्या पंगतीपासून शेकडो मैल दूर असतात, इतकेच.

आता एक योजना उदाहरणादाखल घेऊ. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ज्येष्ठ नागरिकांसाठीची योजना ‘अटल वयो अभ्युदय योजना’ या नावाखाली चालते. तीत किमान पंचवीस निराधार वृद्धांच्या निवासासाठी संस्थेस अनुदान मिळू शकते. सर्वसाधारणपणे मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत ते असते. त्यासाठी प्रथम निती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, मग ‘ई-अनुदान’ या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. संस्थेची घटना, नोंदणी प्रमाणपत्रे, लेखापरीक्षित ताळेबंद, लाभार्थ्यांची यादी, कर्मचाऱ्यांची यादी, जागेची कागदपत्रे ही सर्व जोडावी लागतात. प्रत्यक्ष तपासणीही होते. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे त्याच कामासाठी अन्य कोणत्याही शासकीय विभागाकडून अनुदान घेतले वा मागितले नसल्याचे संस्थेने प्रमाणित करावे लागते. हे प्रमाणपत्र वाचून, विचार करून द्यावे. दोन ठिकाणी अर्ज टाकला तर एक तरी लागेल, हा हिशेब येथे अंगाशी येतो.

नव्वद टक्के ऐकून कार्यकर्त्यांचे चेहरे खुलतात. माझे लक्ष मात्र उरलेल्या दहांकडे जाते. ते कोठून येणार? शिवाय अनुदान दर महिन्याच्या पहिल्या तारखेस येत नाही. ते मंजुरी, तपासणी, मागील हिशेब या क्रमाने येते आणि कित्येकदा खर्च होऊन गेल्यावर येते. तोवर वाण्याचे बिल, स्वयंपाकीणबाईंचा पगार, औषधे थांबत नाहीत. निदान सहा महिन्यांचा खर्च स्वतःच्या बळावर भागवता येईल एवढी गंगाजळी नसेल तर पंचवीस जणांना छपराखाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणाला कठोर वाटेल. परंतु एकदा आणलेल्या वृद्धास ‘अनुदान आले नाही, आता घरी जा’ असे सांगण्याची पाळी येणे अधिक कठोर आहे, कारण त्याला घर नसते.

अर्जातील सर्वांत दुबळा भाग म्हणजे ‘कामाची गरज’ हे सदर. ‘आमच्या परिसरात अनेक गोरगरीब वृद्ध अत्यंत हलाखीचे जीवन जगत असून त्यांना आधाराची नितांत आवश्यकता आहे’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की त्याचा अर्थच उरला नाही. हे वाक्य कोणत्याही तालुक्याला लागू पडते. त्याऐवजी गावातील साठीपुढची किती माणसे एकटी राहतात, त्यांपैकी किती जणांना निवृत्तिवेतन आहे, किती जण स्वतः स्वयंपाक करू शकत नाहीत, जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे, हे लिहावे. येथे शिक्षकांची मदत मोलाची आहे. जनगणनेच्या आणि मतदारयाद्यांच्या निमित्ताने गावातला प्रत्येक उंबरा त्यांना माहीत असतो.

अशी पाहणी करताना एक गोष्ट हटकून आढळते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राज्यात आहे. पासष्ट वर्षांपुढील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये हे मासिक साहाय्य हजारावरून दीड हजार रुपये झाले. तरीही एखादी आजी निव्वळ वयाचा किंवा उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून त्यापासून वंचित राहते. संस्थेने आधी तिला तहसील कार्यालयापर्यंत न्यावे. व्यक्तीच्या हक्काचे साहाय्य मिळवून दिल्यानंतरही जी उणीव उरते, तीच संस्थेने आपल्या अर्जात मांडावी. असा अर्ज तपासणाऱ्यालाही पटतो.

पंचायत सदस्यांना एक विनंती. जागेचा दाखला, ना-हरकत, ठराव यांसाठी संस्था आपल्याकडे येतात. ओळखीखातर सही करू नका आणि अनोळखीपणामुळे अडवूही नका. दहा मिनिटे काढून ती जागा पाहून या. वृद्धांना चढता येणार नाही अशा माडीवर ‘निवास’ दाखवलेला मी पाहिला आहे. खाली ग्रामपंचायतीचा शिक्का स्वच्छ उमटला होता.

अधिकारी बंधूंनाही सांगितले पाहिजे, ते समोर बसले आहेत म्हणून टाळणार नाही. अर्जात पाच त्रुटी असतील तर पाचही एकाच पत्रात कळवाव्यात. एकेक त्रुटी एकेका पत्राने कळत गेली की खेड्यातल्या संस्थेचा एक कार्यकर्ता, म्हणजे बहुधा तिचा एकमेव कार्यकर्ता, वर्षभर एस.टी.तच बसलेला असतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीविषयी नेहमी विचारले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावयाची असते. तो घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेस २०२१ पासून सीएसआर-१ हा नमुना भरून नोंदणी करावी लागते, तीन वर्षांचे काम दाखवावे लागते आणि आयकर खात्याकडील नोंदणीही जिवंत असावी लागते. ती नोंदणी आता मुदतीची असते. मुदत केव्हा संपते ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दफ्तर एकदा नीट असले की दोन्ही दारे एकाच किल्लीने उघडतात.

मंजुरीनंतरचे थोडक्यात. अनुदानातून घेतलेली खाट असो की गॅसची शेगडी, तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत हवी, आणि संमतीवाचून ती विकता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते अडले की पुढचे अनुदान अडते.

मी ज्या संस्थेची हकीकत सांगितली तिचे दफ्तर आता एका निवृत्त शिक्षिकाबाई सांभाळतात. एकोणिसांपैकी तेव्हाचे काही जण आज हयात नाहीत. संध्याकाळची चूल मात्र पुन्हा पेटली आहे.

सभेनंतर मी आणि धर्मादाय विषयाचे जाणकार असलेले आपले दोन मित्र मागील वर्गात बसणार आहोत. ज्यांनी नोंदणीचा उतारा व मागील ताळेबंद सोबत आणले आहेत, त्यांनी तेथे यावे. ज्यांनी आणले नाहीत त्यांनीही यावे. निदान आपल्या नोंदीत आज अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव आहे, एवढे आठवून यावे.