परड्यात येणारा शिक्रा



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. त्यात गैर काही नाही. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो. आज मात्र चालकांच्या परवानगीने एका पक्ष्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिकणे झाले ते फौंड्रीत, सार्वजनिक वाचनालयात आणि घरामागच्या परड्यात. तेव्हा मी सांगतो त्यातले पुस्तकातले किती आणि परड्यातले किती, हे आपल्या सहज ध्यानात येईल.

हा पक्षी म्हणजे शिक्रा. कोल्हापुरात घार सर्वांच्या ओळखीची आहे. ती उघड्या आभाळात घिरट्या घालते आणि सर्वांना दिसते. शिक्रा तसा मिरवत नाही. तो आकाराने पारव्याएवढा. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, पाय पिवळे आणि काटकुळे. पूर्ण वाढ झालेल्या नराचा डोळा लाल असतो. अजून वयात न आलेल्या पक्ष्याची पाठ तपकिरी आणि छातीवर उभे फराटे असतात. मादी नरापेक्षा मोठी. शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी असेच आहे. आपल्या घरातल्या कारभारावरून त्यांचा अंदाज बांधू नये!

शिक्रा आला हे डोळ्यांच्या आधी कानांना कळते. प्रथम खार शेपटी झटकत एकसारखी चिरकू लागते. मग सातभाईंची टोळी कलकलाट करते. बुलबुल जास्वंदीत शिरतात, चिमण्या एकदम गप्प होतात. अशा वेळी आंब्याच्या मधल्या फांदीवर, पानांच्या आड, खोडालगत पाहावे. तेथे तो अंग आखडून बसलेला असतो. केवळ मान फिरते. पुढे एखादा सरडा कुंपणाच्या दगडावर येतो, आणि शिक्रा जमिनीला लागून, जवळजवळ घसरत जातो. पापणी लवते न लवते तोच सारे आटोपलेले असते.

आटोपलेले असते म्हणजे शिकार मिळालेली असते, असे मात्र नव्हे. बहुतेक वेळा तो रिकाम्या पंजांनी परत फांदीवर येतो, पिसे सारखी करतो आणि पुन्हा वाट पाहतो. सरडा कुंपणाच्या फटीत, चिमणी बोगनवेलीत, आणि हा उपाशी. त्यातच कोतवाल येतो. शिक्र्याहून कितीतरी हलका, पण त्याच्या डोक्यावर झेपा घालून तो त्याला पार शेजारच्या आळीत पोहोचवून येतो. म्हणून तर कोतवालाच्या घरट्याच्या आसऱ्याने लहान पक्षी आपली घरटी बांधतात.

याच हंगामात आणखी एक गंमत पाहायला मिळते. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडणारा पावशा आपण ऐकलेला आहे. हा दिसायला, उडायला आणि फांदीवर बसायलासुद्धा थेट शिक्र्यासारखा. लहान पक्षी त्याला पाहून घाबरतात. वस्तुतः तो कोकिळेच्या कुळातला. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होणारा. पोलिसाचा गणवेष चढवून घरात शिरणारा भामटाच म्हणा ना! भय खऱ्या शिक्र्याचे, आणि त्यावर धंदा दुसऱ्याचा. मंडळी, ही रीत परड्याबाहेरही आपण पाहतो.

हे सारे पाहायला वेळ लागतो, आणि कष्टकऱ्याला वेळ कोणी सहजासहजी दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीने १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यापूर्वी सकाळी उजाडताना गिरणीत शिरलेला माणूस अंधार पडल्यावर बाहेर येई. त्याच्या खोलीपुढे झाड असते तरी त्यावर कोण बसते हे त्याला कसे कळावे? रविवारी सकाळी चहाचा पेला घेऊन मी आंब्याखाली बसतो, ते लोखंड्यांच्या पुण्याईने बसतो, असे मी मानतो.

आता मुद्द्याकडे वळतो. आमच्या सभांतून कित्येक वक्ते मालकाला ससाण्याची आणि कामगाराला चिमणीची उपमा देतात. टाळ्या पडतात. परंतु फांदीवरच्या शिक्र्याकडे महिनोन्‌महिने पाहिले की ही उपमा टिकत नाही. शिक्रा साठा करीत नाही. त्याच्याकडे कोठार नाही, व्याज नाही, उद्याची बेगमी नाही. विणीच्या दिवसांत, मार्च ते जूनच्या सुमारास, काटक्यांचे कावळ्यासारखे घरटे बांधून मादी अंडी घालते. त्या दिवसांत नर आणील त्यावर घर चालते. त्या दिवशी सरडा मिळाला तर जेवण. हा मालक नव्हे, रोजंदारीवरचा गडी आहे.

इतिहासातही त्याचे स्थान तेच आहे. बाज आणि बहिरी ससाणा हे राजेरजवाड्यांच्या हातावर बसले. आपल्या करवीर संस्थानात तर काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. शिक्रा हा पाळीव शिकाऱ्यांतला गरीब. तो लवकर शिकतो, स्वतःहून मोठ्या तित्तिरावरही जातो, आणि स्वस्तात मिळे. म्हणून हिंदुस्थानात सामान्य शौकीनही तो बाळगीत. दरबारी पक्षी बाळगणारे काय करीत? शिक्र्याकडून लहान पक्षी मारवून घेत आणि ते मानाच्या ससाण्यांना खाऊ घालीत. राबणारा शिक्रा, आणि मान दुसऱ्याचा!

त्याला शिकवण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. पायात चामड्याची वादी, आणि खाणे अगदी मोजून. पोट भरलेला पक्षी हातावर परत येत नाही, अगदी उपाशी ठेवला तर मरतो. तेव्हा भूक नेमकी मधल्या काट्यावर ठेवायची. बंधूंनो, ही युक्ती फक्त पक्ष्यांवरच चालवली गेली, असे आपणांपैकी ज्यांनी भट्टीपुढे दिवस काढले आहेत, ते म्हणणार नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी पकडणे आणि बाळगणे गुन्हा ठरले. आज माझ्या परड्यात येतो तो कोणाच्या हातावरचा नाही. म्हणून त्याचे येणे मला मोलाचे वाटते.

पण वादी सुटली म्हणून तो निर्धास्त झाला, असे नाही. हल्लीचा त्याचा शत्रू दिसत नाही. पानावरचे कीटकनाशक किड्यात जाते, किडे सरड्यात, सरडा शिक्र्यात. खालच्या पायरीवर थोडे थोडे असलेले विष वरच्या पायरीवर साचते. इंग्लंडात शिक्र्याचा एक भाऊबंद आहे, स्पॅरोहॉक. १९६० च्या सुमारास तेथील पूर्वेकडच्या शेतीच्या मुलखातून तो जवळजवळ नाहीसा झाला. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत. त्याचे कारण डीडीटी निघाले. आई अंड्यांवर बसायची आणि तिच्याच वजनाने ती फुटायची. अमेरिकेत रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्येच या विषांविरुद्ध पुस्तक लिहून धोक्याची घंटा वाजवली होती. तेथे १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, आपल्याकडे शेतीसाठी ती १९८९ मध्ये आली. आपली गिधाडे तर जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने संपत आली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, तोवर आभाळ रिकामे झालेले होते.

मी हे पक्ष्यासाठीच सांगतो असे समजू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल, अंगावर भिजलेला सदरा. विष प्रथम त्याच्या अंगात जाते आणि मग फेरा घेऊन शिक्र्याच्या अंड्यात. एक साखळीच्या तळाशी, दुसरा शेंड्याला. दोघांचीही कैफियत कोणी विचारीत नाही. म्हणून कामगार चळवळीच्या माणसाने शिक्र्याविषयी बोलणे मला विषयांतर वाटत नाही.

आता कोणी विचारील, अहो, तो चिमण्या खातो, त्याचे काय? खातो खरा. माझ्या घरातील मंडळींचाही त्याच्यावर याच कारणाने राग होता. पिठाचा हात झटकीत त्या त्याला हुसकायला धावत. पण ज्या परड्यात सरडे, टोळ, उंदीर आणि चिमण्या भरपूर, तेथेच शिक्रा येऊन बसतो. तो येईनासा झाला तर चिमण्या सुखी झाल्या असे समजू नये; खालचे सारे आटले आहे, असे समजावे. वरचा खालच्यांवर जगतो. खालचे वरच्यावाचून जगू शकतात, वरचा खालच्यांवाचून जगू शकत नाही. हा धडा ज्यांनी घ्यायला हवा, ते बहुधा व्याख्यानाला येत नाहीत.

आपण काय करू शकतो? फार थोडे, पण करण्यासारखे. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकण्याऐवजी पिंजरा लावावा. विष खाऊन झिंगलेला उंदीर शिक्र्याच्या किंवा घुबडाच्या पोटात जातो. आंब्याच्या फांद्या छाटायच्या त्या पावसाळा संपल्यावर छाटाव्यात, विणीच्या दिवसांत नव्हे. मुलांच्या हातातली बेचकी काढून घ्यावी आणि त्यांच्या हातात वही द्यावी. नायलॉनचा मांजा घरात आणू नये. आणि जो शेतावर फवारणी करतो, त्याला हातमोजे, मुखवटा आणि पुरती मजुरी मिळते की नाही, हेही विचारावे. ही शेवटची सूचना मी माझ्या धंद्याला जागून केली, असे हवे तर म्हणा.

उद्या सकाळी खार चिरकू लागली तर तिच्यावर खेकसू नका. वर पाहा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.